धोट्याचा दिवा

घर बदलताना सर्वांत जास्त आनंद कोणाला होत असेल तर तो भंगारवाल्याला. आपण नव्या घराच्या स्वप्नात असतो, हात धुळीने भरलेले असतात, टेम्पो खाली उभा असतो आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवीत असतो. अशा वेळी माळ्यावरून काय काय खाली येते आणि काय काय काट्यावर चढते, याचा हिशेब कोणी ठेवीत नाही.

माझ्या थोरल्या भावाची खोली वरळीच्या बीडीडी चाळीत होती. १६० चौरस फुटांची. याच खोलीत आम्ही पाच भावंडे वाढलो. १९२० च्या दशकात उभ्या राहिलेल्या या चाळींचा पुनर्विकास २०१७ साली सुरू झाला आणि वरळीतल्या पहिल्या घरांच्या चाव्या रहिवाशांच्या हाती ऑगस्ट २०२५ मध्ये पडल्या. मधली काही वर्षे भावाचे बिऱ्हाड संक्रमण सदनिकेत होते. चाळ सोडताना वडिलांची पत्र्याची पेटी कुलूप न काढताच उचलली होती, ती तिथेही पलंगाखालीच राहिली. नव्या घरात जायचे ठरले तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भावजी, ही पेटी एकदा उघडा आणि काय ते ठरवा. नव्या घरात गंज नको."

पेटी उघडली. वर जुन्या चादरी, रेशनकार्डे, लग्नपत्रिका. खाली एक कंदील, काच नसलेला. एनॅमलच्या दोन ताटल्या, कडेचा लेप उडालेल्या. मिलच्या सहा लाकडी कांड्या. आणि सर्वांत तळाशी, फडक्यात गुंडाळलेली, हातभर लांबीची, दोन्ही टोकांना लोखंडी टोपी बसविलेली एक लाकडी वस्तू. भावाची नात बारावीला आहे. तिने ती उचलली आणि विचारले, "आजोबा, ही होडी कसली?"

भंगारवाला दारातच होता. त्याने लोखंडाचा वेगळा आणि लाकडाचा वेगळा असा भाव सांगून टाकला. लाकडाचा भाव म्हणजे शून्यच. जाळायला नेतो म्हणाला. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेली आमची आई बोलली. ती ब्याऐंशी वर्षांची आहे, कऱ्हाडकडची. दिवसभरात फारशी बोलत नाही.

"ए बाबा, ठेव ते खाली. त्यो धोटा इकायचा न्हाई. हेंच्या बापानं तोंड लावल्याला धोटा हाय त्यो."

तोंड लावलेला धोटा

गिरणीत ज्यांचे आयुष्य गेले त्यांना हे वाक्य समजावून सांगावे लागणार नाही. पण आता घराघरांत अशी मुले आहेत की ज्यांनी गिरणीची चिमणीसुद्धा पाहिलेली नाही. त्यांच्यासाठी सांगतो.

कापड विणताना उभा ताणा असतो आणि आडवा बाणा. आडवे सूत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे घेऊन जाणारी लाकडी नाव म्हणजे धोटा. त्याच्या पोटात पोकळी असते, त्या पोकळीत सुताने भरलेली कांडी बसते आणि बाजूला एक लहान भोक असते, त्याला डोळा म्हणतात. कांडी संपली की साचेवाल्याने नवी कांडी बसवायची आणि तिचे सूत त्या डोळ्यातून बाहेर काढायचे. ते काढायचे कसे? डोळ्याला तोंड लावून सूत श्वासाने ओढायचे. दिवसातून शेकडो वेळा. या पद्धतीने एकाचा रोग दुसऱ्याला जातो अशी ओरड डॉक्टरांनीही केली होती, पण ती बंद व्हायला फार वर्षे लागली.

एकाने तोंड लावलेला धोटा पाळी बदलली की दुसऱ्याच्या हाती जाणार. येथेच सगळी मेख होती. आमच्या माणसाने तोंड लावलेला धोटा सवर्ण साचेवाला तोंडाला कसा लावणार? म्हणून मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला विणाई खात्याचे दार बंद. त्याने रिंग खात्यात राबावे. आणि विणाई खात्याचा पगार रिंग खात्यापेक्षा पुष्कळ जास्त. म्हणजे विटाळ सुताला आणि तोटा पगाराला.

१९२८ च्या सहा महिन्यांच्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. सर्व खात्यांत काम करण्याचा आमच्या माणसांचा हक्क मान्य करा, नाहीतर त्यांना संपात येऊ नका असे सांगावे लागेल, असे त्यांनी बजावले. तेव्हा कुठे पुढाऱ्यांनी नाइलाजाने ती मागणी मालकांपुढे मांडली. मालक म्हणाले, हा अन्याय आमचा नव्हे. ते खोटे तरी कसे म्हणावे? दार अडवून धरणारे शेजारच्याच साच्यावरचे कामगार होते.

आमचे आजोबा त्या वेळी रिंग खात्यात होते आणि रिंग खात्यातूनच घरी बसले. वडील गिरणीत लागले ते १९५६ च्या धर्मांतरानंतर दोन-तीन वर्षांनी, आणि ते विणाई खात्यात गेले. आमच्या घराण्यातले पहिले. आईचे तेव्हा नुकतेच लग्न झाले होते. ती सांगते, सुरुवातीला त्यांच्या साच्यावरचा धोटा दुसऱ्या पाळीचा माणूस बदलून घेई. मग हळूहळू बदलेनासा झाला. कधीपासून, ते तिला सांगता येत नाही. पण ज्या दिवशी बदलला नाही त्या दिवशी वडील घरी येताना जिलबी घेऊन आले होते, एवढे तिच्या पक्के लक्षात आहे. तो पहिला धोटा झिजून बाद झाला तेव्हा त्यांनी मुकादमाला विचारून घरी आणला. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. त्यानंतर वडिलांनी गिरणीचे तोंड पाहिले नाही, आणि आम्हा मुलांना पेटीत धोटा आहे हेसुद्धा कळले नाही.

भंगारवाला रिकाम्या हाताने गेला. नातीने मात्र हट्ट धरला, "पेटीत ठेवून काय उपयोग? याचं काहीतरी करू या, काका-आजोबा. तुम्ही वायरमन आहात ना?"

दिवा केला तो असा

तीस वर्षे मी वायरमनचे काम केले. जुन्या वस्तूंचे दिवे करायचे वेड अलीकडे फार वाढले आहे हे मला कामावरूनच कळले. लोअर परळच्या एका हॉटेलात वायरिंगला गेलो होतो. तिथे छताला पन्नास-साठ कांड्यांचे झुंबर टांगलेले, भिंतीवर धोटे ठोकलेले. ज्या भागात आमचे वडील डबा घेऊन जात, त्याच भागात बसून लोक त्या उजेडात जेवत होते. त्यांच्यातल्या एकाला तरी डोळा कशाला असतो हे ठाऊक असेल का, असे मनात आले आणि मी शिडीवर चढून माझे काम केले. असो.

आईने दोन अटी घातल्या. धोट्याला भोक पाडायचे नाही आणि रंग लावायचा नाही. वस्तू जुनी असेल तर या दोन अटी प्रत्येकाने पाळाव्यात असे माझे मत आहे. बाजारात असे दिवे पाहतो तेव्हा निम्म्या वस्तूंची कारागिराने आधी माती केलेली असते: चकचकीत पॉलिश, मधोमध ड्रिलचे भोक, वर सोनेरी स्प्रे.

नातीला अभ्यासासाठी दिवा हवा होता. एका खोलीत घर असते तेव्हा मोठा दिवा लावला की सगळे घर जागे होते. आपल्यापैकी कितीतरी जण चाळीच्या जिन्यात किंवा रस्त्यावरच्या दिव्याखाली बसून शिकले. लहानपणी बाबासाहेब लोअर परळच्या डबक चाळीतल्या एका खोलीत रात्री दोनला उठून तेलाच्या दिव्यावर वाचीत, हे आपण सर्वांनी चरित्रांत वाचले आहे. तेव्हा उजेड पुस्तकापुरता पडावा आणि शेजारी झोपलेल्याच्या डोळ्यांवर येऊ नये, ही पहिली गरज धरली.

धोटा आडवा, पोकळी खाली करून धरला तर ती पोकळीच दिव्याची छत्री होते. कांडी बसते तेवढ्या जागेत एलईडीच्या पट्टीचे तुकडे दोन ओळींत चिकटवले. ही पट्टी पाच व्होल्टवर चालणारी घ्यावी, म्हणजे मोबाइलच्या चार्जरवर दिवा लागतो. पट्टीवर ठरावीक अंतराने कापण्याची खूण असते, तिथेच कात्री लावायची. मध्ये कापली तर तेवढे दिवे बाद. अधिक आणि उणे उलटे जोडले तर दिवा लागत नाही, घाबरू नये, तारा बदलाव्यात. पट्टीच्या खोक्यावर ४००० केल्विन लिहिलेले असेल तर तो उजेड वाचायला चांगला. त्याहून कमी आकडा पिवळा, बसण्याउठण्याच्या खोलीला शोभणारा. ६५०० म्हणजे दवाखान्यासारखा पांढरा.

पट्टी लाकडाला थेट चिकटवली तरी चालते, पण आधी अॅल्युमिनियमची पातळ पट्टी घातली तर उष्णता पसरते आणि दिवे जास्त दिवस टिकतात. आणि वायर बाहेर काढायला भोक? ते होतेच. ज्या डोळ्यातून वडील सूत ओढीत, त्याच डोळ्यातून दोन बारीक तारा ओवून बाहेर घेतल्या आणि मग त्यांना डाग देऊन पुढची वायर जोडली. पाच व्होल्टला बारीक तार पुरते. घरच्या २३० व्होल्टला असला उद्योग मुळीच करू नये.

उभे खांब केले कांड्यांचे. कांडी आरपार पोकळ असते, कारण ती मुळात चातीवर बसवायची असते. एकावर एक दोन कांड्या, आतून आट्याची लोखंडी सळई, वर-खाली वायसर आणि नट. असे दोन खांब, म्हणजे चार कांड्या. साधारण सोळा इंच उंची मिळाली. त्यावर धोटा सुती दोरीने बांधला, खिळा नाही की स्क्रू नाही. उद्या कोणाला धोटा नुसता पाहायचा असेल तर दोरी सोडली की झाले.

तळाला आईच्या भांड्यांच्या मांडणीची सागवानी फळी लावली, आठ इंच रुंद. दिवा वरून जड होतो आणि कलंडतो, म्हणून फळीच्या खालून किराणा दुकानातले अर्ध्या किलोचे जुने लोखंडी वजन बसवले. दिवा टेबलाच्या डाव्या बाजूला ठेवला, कारण नात उजव्या हाताने लिहिते. नाहीतर हाताची सावली वहीवर पडते.

साफसफाईबद्दल थोडे. गिरणीच्या लाकडात वर्षानुवर्षांचे तेल मुरलेले असते. ते साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवू नये, लाकूड फुगते. ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवावे. फळीला आधी सगळे खिळे काढून मग पॉलिशपेपर लावावा, प्रथम ऐंशी नंबर, शेवटी दोनशेवीस. बारीक भोकांतून पिठासारखी भुकटी पडत असेल तर आत कीड आहे, ते लाकूड घरात आणूच नये. वरून जवसाचे तेल, ज्याला हार्डवेअरवाले बेल तेल म्हणतात, ते फडक्याने चोळावे. पण ते फडके चुरगाळून कोपऱ्यात टाकू नये. हे तेल वाळताना गरम होते आणि गोळा केलेले फडके आपोआप पेट घेऊ शकते. ते मोकळे पसरून वाळवावे किंवा पाण्यात बुडवून मग टाकावे.

जुन्या दारा-खिडक्यांचे रंगवलेले लाकूड घेणार असाल तर एक धोका आहे. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसे असे. घरगुती रंगांतील शिशाला ९० पीपीएमची मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्याआधीच्या रंगाचा भरवसा नाही. कोरडा घासला की शिशाची धूळ उडते आणि ती लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. रंगाचे लाकूड सोडून द्यावे, बिनरंगाचे पुष्कळ मिळते.

कंदील आणि घागर

पेटीतला कंदील ओगलेवाडीचा निघाला. टाकीवर 'प्रभाकर' असे नाव ठोकलेले होते, गंज पुसल्यावर दिसले. औंध संस्थानच्या पाठबळावर कऱ्हाडजवळ ओगले बंधूंनी १९१६ साली काचेचा कारखाना काढला आणि पुढे परदेशी कंदिलांच्या बरोबरीने हा आपल्या मातीतला कंदील घरोघर गेला. आईच्या माहेरचा तो असणार. वहिनींना तो नव्या घराच्या बाल्कनीत टांगायचा होता.

अशा कंदिलाच्या टाकीला लोक खालून भोक पाडतात. त्याची गरज नाही. वरची मुंडी, म्हणजे वात बसते तो भाग, आट्यांवर फिरवून निघतो. त्या जागी लहान आट्याचा होल्डर बसवावा आणि वायर टाकीत सोडून रॉकेल ओतायच्या तोंडातून बाहेर काढावी. कंदील जसाच्या तसा राहतो आणि मुंडी जपून ठेवली तर पुन्हा रॉकेलवरही लावता येतो. टाकी आधी साबणाच्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन, चार दिवस उन्हात तोंड उघडे ठेवून वाळवावी. रॉकेलचा वास येत असेल तोवर तिच्याजवळ ड्रिल नको, डाग द्यायची इस्त्री नको, आणि तिथे बसून विडी तर मुळीच नको.

काच मिळवायला चार बाजार फिरावे लागले. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मुंबईत चोरबाजार आहेच. तिथे जुन्या वस्तूंबरोबर नव्या वस्तूही जुन्या करून ठेवलेल्या असतात. ॲसिड टाकून काळवंडलेले पितळ आणि गेल्या महिन्यात झालेला 'शंभर वर्षांचा' कंदील. जहाजी दिवे पाहिजेत तर गुजरातेत अलंगला १९८३ पासून जहाजे मोडतात, तिथला माल सगळीकडे येतो. कांड्या आणि धोटे इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीच्या यंत्रमागवाल्यांकडे अजून मिळतात, पण बिनधोट्याचे माग वाढत आहेत आणि कांड्या आता प्लास्टिकच्या झाल्या आहेत, तेव्हा लाकडी दिसल्या तर घेऊन ठेवा.

आता घागरीची गोष्ट. ही माझ्या मेव्हण्याच्या घरात घडली आणि ती सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. त्याने सासूबाईंची पितळी घागर घेतली, तळाला भोक पाडले, टू-कोअर वायर आत ओवली, वर होल्डर आणि बुरडाकडून आणलेली बांबूची टोपली उलटी घालून छत्री केली. दिवा इतका सुंदर दिसे की पाहुणे विचारीत, कोठून घेतला. मीही कौतुक केले, आत काय आहे ते न विचारता. वायरमन असून.

भोकाची कड त्याने कानशीने घासली नव्हती. घागर पुसताना, सरकवताना वायर त्या धारेवर घासत राहिली. सहा महिन्यांनी वरचे प्लास्टिक कापले गेले आणि आतली फेजची तार पितळेला टेकली. प्लग दोन पिनांचा, तेव्हा अर्थिंग नाही, फ्यूज उडायचे कारण नाही. पूर्ण घागर २३० व्होल्टवर, आणि दिवा नेहमीसारखा जळत होता. मेव्हण्याची बायको फरशी पुसता पुसता ओल्या हाताने घागर सरकवायला गेली. पायात रबरी चप्पल होती म्हणून फेकली गेली आणि वाचली. हात आठवडाभर उचलत नव्हता.

म्हणून वाचक बंधू-भगिनींनो, वीज २३० व्होल्टची आणि दिवा धातूचा असेल तर एवढे पाळा. वायर थ्री-कोअरच, तांब्याची, आयएसआय मार्कची. हिरवी तार घागरीच्या अंगाला रिंग लावून स्क्रूने घट्ट आवळलेली. भोकाची कड घासून त्यात रबरी बुश. वायर आत गेल्यावर तिला पकड, म्हणजे बाहेरून कोणी ओढली तर ताण होल्डरच्या स्क्रूवर येणार नाही. बटण फेजच्या तारेवर. प्लग तीन पिनांचा.

आणि हे सगळे करून भिंतीतल्या सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकात तार आहे का, ते एकदा वायरमनला पाहायला सांगा. जुन्या चाळींत मी शेकडो बोर्ड उघडले. तिसरे भोक असते, त्यामागे काहीच नसते. लहानशा टेस्टरने अर्थिंग कळत नाही. घरात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवून घेतला तर गळती होताच तो क्षणात वीज तोडतो. त्याला पैसे पडतात हे खरे, पण दोन सणांच्या रोषणाईत ते निघतात. इतके करायचे नसेल तर धातूच्या वस्तूत पाच व्होल्टचाच दिवा लावा आणि निर्धास्त राहा.

बल्ब एलईडीचाच घ्या, पाच ते नऊ वॅटचा. जुना साठ वॅटचा बल्ब टोपलीत किंवा लाकडाजवळ लावला तर ते करपते. एलईडीचीही मान गरम होते, त्यामुळे तो बंद बरणीत कोंडू नये. घरात जुनी मेंटलची बत्ती असेल तर तिचा जुना मेंटल हाताने चुरडू नका, फुंकरही मारू नका. त्या मेंटलमध्ये थोरियम नावाचे किरणोत्सारी द्रव्य वापरीत असत. ओल्या फडक्याने उचलून पिशवीत घालून टाकावा.

आता एक माझे वैयक्तिक मत. पितळेच्या भांड्यावर नाव घातलेले असेल, अमक्याच्या लग्नात अमक्याने दिले असे, तर त्याला भोक पाडू नका. आपल्या घरांत सातबारा नाही की बखर नाही. आजी-पणजीचे नाव अनेकदा तेवढ्या एका तांब्यावरच असते. बिननावाचे घ्या. आणि मोठ्या दुकानांतून बुद्धमूर्तीच्या मस्तकावर बल्ब आणि छत्री बसवलेले दिवे मिळतात, ते विकत घेऊन कोणी आपल्या घरी आणू नये. उजेडासाठी दुसऱ्या हजार वस्तू आहेत. शेतात, विहिरीत एखादी खरी जुनी मूर्ती किंवा कोरीव दगड सापडला तर तो दिव्याचा विषयच नव्हे; शंभर वर्षांवरच्या अशा वस्तूंना १९७२ चा कायदा लागू आहे, ती पुरातत्त्व खात्याची बाब आहे.

एनॅमलच्या ताटल्यांचे काम अजून व्हायचे आहे. मधोमध भोक पाडून, पालथी टांगून स्वयंपाकघराच्या ओट्यावर चांगली छत्री होते, पण भोक पाडताना लेप उडतो. त्यावर दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून, हळू, पाणी टाकत ड्रिल फिरवावे, असा माझा बेत आहे. वडिलांच्या जेवणाची ताटली आहे म्हणून आईला विचारायचे बाकी आहे.

दिवा तयार झाला तेव्हा भावाच्या नव्या घरात अजून सामान लावायचे होते. पाचशे चौरस फूट जागा, आवाज घुमत होता. नातीने टेबल खिडकीशी ओढले, चार्जर लावला. धोट्याच्या पोटातून उजेड बरोबर वहीवर उतरला. आईला हाताला धरून आणले. तिने दिव्याकडे पाहिले नाही, धोट्याच्या बाजूला बोट फिरवून डोळा शोधला आणि त्यातून आलेल्या तारा चाचपल्या.

"करंट न्हाई ना?" तिने मला विचारले.

नाही म्हणालो. मग ती तिथेच पलंगावर बसली. नात रसायनशास्त्राचे काहीतरी पाठ करीत होती.

पेटीत अजून दोन कांड्या शिल्लक आहेत. धाकट्या भावाने त्या मागितल्या आहेत. त्याला घरच्या विजेवरचा दिवा करायचा आहे. दिल्या, पण वायर थ्री-कोअर आणल्याशिवाय मी येणार नाही असे सांगून ठेवले आहे.